एक कामुई घेऊ का एल्क मास्टरची अख्खी डबी? स्टिकच्या टिपचा नागपुरी हिशोब

आमच्या गल्लीत एक पोरगं आहे, इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला, त्यानं घरी काहीतरी थाप मारून पहिल्यांदा स्वतःची स्नूकर स्टिक घेतली आणि महिन्याभरात तिची टिप, म्हणजे टोकावरचं चामडं, खेळून खेळून पार चपटी केली. परवा संध्याकाळी दारात हजर. मोबाइलवर दोन पानं उघडी, एकावर कामुई ब्रँडची एक टिप, दुसऱ्यावर एल्क मास्टर ब्रँडची पन्नास टिपांची डबी, आणि म्हणतो कसा, "भाऊ, एका टिपच्या पैशात जवळपास अख्खी डबी येऊन राहिली, मग एक घेऊ का पन्नास?"

प्रश्न लाखाचा होता, उभ्याउभ्या सुटणारा नव्हता, म्हणून त्याला तर्री पोह्याच्या ठेल्यावर घेऊन गेलो. तिथं जे बोललो तेच इथं लिहून ठेवतो, कारण दर दोन महिन्यांनी कोणीतरी हेच विचारतं. मी काही प्रो वगैरे नाही, पन्नासच्या वरचे ब्रेक (एका पाळीतले गुण) बोटावर मोजण्याइतके, पण टिपा मात्र भरपूर बदलल्या, स्वतःच्या बदलल्या, मित्रांच्या बदलल्या, दोनचार जणांच्या बिघडवल्या पण.

सगळ्यात आधी हे सांगा की खेळता कोणत्या टेबलवर. स्नूकरचा बॉल 52.5 मिमीचा आणि पूलचा 57.15 मिमीचा, ऐकायला फरक पाच मिमीचाच वाटतो पण पूलचा बॉल 156 ते 170 ग्रॅमचा ठोकळा असतो आणि स्नूकरचा त्याच्याहून बराच हलका. म्हणून स्नूकर स्टिकचं टोक साधारण 9 ते 10 मिमी ठेवतात, पूलचं 12 ते 13. आता आपल्याकडे भानगड अशी की पार्लरमध्ये स्नूकरचं टेबल एक आणि पूलची चार, नंबर लागेपर्यंत पोरं तीच स्नूकरची स्टिक घेऊन पूल खेळतात, आणि खेळले तरी ठीक, पण त्याच स्टिकनं पूलचा ब्रेक (सुरवातीचा जोराचा फटका) फोडतात! साडेनऊ मिमीच्या मऊ टिपनं जिवाच्या आकांतानं ब्रेक मारला की टिप दबते, बाजूनं फुगते, टिपेखालची पितळी टोपी, म्हणजे फेरूल, सुद्धा हलायला लागते. मग म्हणतात टिप खराब निघाली. टिपची काय चूक बे? ब्रेक क्लबच्या स्टिकनं मारा, बाकी गेम स्वतःच्या स्टिकनं खेळा, एवढं केलं तरी टिपचं आयुष्य वाढते. हे फुकटातलं आहे म्हणून आधी सांगितलं.

(तसा स्नूकर आपल्या शेजारचाच खेळ आहे. 1875 मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तो काढला. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात, आणि मध्य प्रांताची राजधानी नागपूर, म्हणजे हिशोबानं खेळ आपलाच झाला. मी हे सगळ्यांना सांगत फिरतो, कोणी मनावर घेत नाही.)

आता मुद्द्यावर. बाजारात नावं शंभर असतील पण टिपेच्या जाती मुळात दोनच, सिंगल पीस आणि लेयर. सिंगल पीस म्हणजे चामड्याचा एकच तुकडा, गोल कापला, दाबला, झाली टिप. एल्क मास्टर, ब्लू डायमंड, ट्रँगल, ली प्रो ही सगळी याच खानदानातली, आणि ही चारही अमेरिकेतल्या ट्वीटन कंपनीची, तीच कंपनी जिचे ते मास्टर चॉकचे (टिपेला लावायच्या पावडरीचे) ठोकळे प्रत्येक पार्लरच्या टेबलाच्या काठावर पडलेले असतात. लेयर टिप म्हणजे पातळ चामड्याचे पदर एकावर एक चिकटवून दाबलेले, चिरोट्यासारखे म्हणा. कामुई, मूरी, टॅलिसमन, टायगर ही त्या बाजूची मंडळी, आणि कामुईसारख्या टिपेत डुकराचं कातडं वापरतात. ज्यांना त्याचं वावडं आहे त्यांनी आधीच विचारून घ्या, दुकानदार स्वतःहून सांगत नाही.

दोघांमधला खरा फरक चेंडूवर दिसत नाही, डबीत दिसतो. जनावराचं कातडं सगळीकडे सारखं नसते, पाठीचं वेगळं, पोटाचं वेगळं, म्हणून सिंगल पीसच्या एकाच डबीतल्या दोन टिपा सुद्धा सख्ख्या भावांसारख्या, नाव एक आणि स्वभाव दोन. एक लावली की महिने महिने सुंदर चालते, दुसरी चार दिवसात स्पंज. लेयर टिपेत पातळ पातळ पदर निवडून लावलेले असतात, त्यामुळे एखादा पदर कमीजास्त असला तरी बाकीचे सांभाळून घेतात आणि आज लावलेली आणि वर्षानं लावलेली टिप बऱ्यापैकी सारखी लागते. पैसे तुम्ही या सारखेपणाचे देता. जादूचे नाही. स्क्रू (मारलेला बॉल मागे येणारी फिरकी) जास्त येईल, पॉटिंग (बॉल खिशात पाडणं) सुधरेल, असं काही नसते.

पण सारखेपणा फुकटात पण मिळवता येतो, फक्त वेळ द्या. डबी आणली की मी सगळ्या टिपा घरच्या फरशीवर एकेक करून वीतभर उंचीवरून सोडतो. (बायको म्हणते सोनाराचं दुकान काढलं का.) घट्ट टिप "टिक" करून उसळते, पोकळ टिप "थप" करून बसते. मग सोनाराच्या छोट्या काट्यासारखा जो डिजिटल काटा मिळतो त्याच्यावर वजन, उंची सारखी असून वजन जास्त म्हणजे चामडं दाट. मग बाजूनं नख दाबून पहायचं, नख सहज रुतलं तर बाजूला. मागच्या डबीतून मी अशा पंधराएक टिपा काढल्या ज्यांच्यावर विश्वास ठेवता येईल, दहाबारा अगदीच टाकाऊ होत्या, उरलेल्या मित्रांच्या स्टिकला लावून टाकल्या, मित्रांना हे माहीत नाही. म्हणजे डबीतली टिप स्वस्त दिसते पण किंमत भागिले पन्नास असा हिशोब करू नका, किंमत भागिले पंधरा असा करा. तरी पण स्वस्तच पडते, ते वेगळं.

एक प्रकार अजून आहे, ऐकून हसाल. एल्क मास्टर रात्रभर दुधात भिजवायची, बाहेर काढून वाळू द्यायची आणि व्हाइसमध्ये दाबून ठेवायची, की ती चांगली टणक होते आणि फुगत नाही. अमेरिकेतल्या पूलवाल्यांची ही जुनी करामत आहे, मी पण करून पाहिली, होते टणक खरंच. वास मात्र दोन दिवस राहतो. दूध दिनशॉचं घेऊ का गवळ्याचं असं त्या पोरानं विचारलं, त्यावर मी काही बोललो नाही.

लेयरवाल्यांच्या बाजूनं अजून एक गोष्ट, त्या फुगत कमी. सिंगल मऊ टिप पहिल्या आठवड्यात बसते, उंची कमी होते, बाजूनं छत्रीसारखी बाहेर येते, तिला दोनतीनदा ब्लेड आणि पॉलिश पेपर लावून सरळ करावं लागते. चांगली लेयर टिप हा त्रास फार देत नाही. पण तिचे पण नखरे आहेत. पदर सुटतो. खेळता खेळता वरच्या पदराचा कोपरा उचलला जातो आणि तुम्हाला दिसत नाही, नेमक्या शेवटच्या काळ्या बॉलवर मिसक्यू होतो, म्हणजे टिप बॉलवरून घसरते, आणि समोरचा हसतो. शिवाय वरचा पदर घासून घासून काचेसारखा गुळगुळीत झाला की चॉक धरत नाही, त्याला हलक्या हातानं स्कफर (टिप घासायचं हत्यार) मारून खरबडीत ठेवावं लागते. आपल्या पोरांची सवय अशी की स्कफर हातात आला की पेन्सिल शार्पनर फिरवल्यासारखा फिरवत सुटतात, एका संध्याकाळी अर्धा मिमी टिप उडवतात. एवढ्या महागाच्या टिपेवर हे करायचं असेल तर राहू द्या, डबीच घ्या.

आता मऊ का कडक, हा वाद आपल्या पार्लरमध्ये वऱ्हाडी ठेचा तिखट का सावजी रस्सा तिखट यासारखा चालतो, संपत नाही. सगळ्यांचं ठाम मत असते की मऊ टिपनं स्क्रू जास्त येतो कारण ती बॉलला "पकडून ठेवते". हे पूर्ण खरं नाही. हायस्पीड कॅमेऱ्यानं यावर बरंच काम झालेलं आहे, अमेरिकेतल्या कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीचे मेकॅनिकलचे निवृत्त प्रोफेसर डेव्हिड अल्सियाटोर यांनी तर हाच विषय लावून धरला, आणि त्यातून दिसते ते असं की टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते फक्त एकदोन मिलिसेकंद. सेकंदाचा हजारावा भाग! तुमच्या हाताला धक्का जाणवेपर्यंत व्हाइट (स्टिकनं मारायचा पांढरा बॉल) निघून गेलेला असतो, त्यामुळे "पकडून" ठेवायला वेळच नाही. स्पिन किती येईल ते ठरते बॉलच्या मधापासून किती लांब मारलं यावर, आणि तिथं टिप घसरली नाही पाहिजे यावर. घसरू न देण्याचं काम चॉकचं. मऊ टिप चॉक चांगला धरून ठेवते, म्हणून आळशी माणसाला, जो दर शॉटला चॉक लावत नाही, त्याला मऊ टिपेत मिसक्यू कमी होतात, आणि मग त्याला वाटते की मऊ टिपनं स्क्रू येऊन राहिला. अर्धं खरं अर्धं खोटं ते असं.

कडक टिपेत काय होते, तर धक्का कमी वाया जातो, तेवढ्याच झटक्यात व्हाइट थोडा जास्त पळतो. मऊ टिप दाबली जाते, त्यात थोडा जोर खाऊन टाकते. याचा फायदा कोणाला? स्नूकरवाल्याला. बारा फुटी टेबलवर बारीक खिशात बॉल पाडून व्हाइट दोन इंच पुढे ठेवायचा असतो, तिथं हात थोडा जास्त गेला तरी मऊ-मध्यम टिप सांभाळून घेते. पूलमध्ये बॉल जड, खिसे मोठे, कापड बऱ्याच ठिकाणी नवीन आणि फास्ट, तिथं मध्यम ते कडक टिप जास्त सरळ उत्तर देते आणि टिकते पण. साइड (बॉलच्या डाव्या-उजव्या बाजूला) मारताना व्हाइट उलट्या बाजूला सरकतो ना, ज्याला डिफ्लेक्शन म्हणतात, त्याचा दोष पण लोक टिपेवर टाकतात, तो मुख्यतः स्टिकच्या पुढच्या टोकाच्या वजनाचा असतो. टिप बदलून तो जाणार नाही, टिप बदलून फक्त पैसे जातील.

आणि पाकिटावर एस, एम, एच (सॉफ्ट, मीडियम, हार्ड) लिहिलेलं असते त्याला वेद समजू नका. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या हार्डएवढा कडक निघू शकतो, सगळ्यांसाठी मिळून एकच असं माप बाजारात चालत नाही. एका ब्रँडमध्येच तुलना करा, ब्रँड बदलला की नव्यानं सुरवात.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाही आणि माझ्या मते जिच्यावर ब्रँडपेक्षा जास्त अवलंबून आहे ती म्हणजे टिपेची गोलाई. अमेरिकन लोक म्हणतात टिप निकेलच्या नाण्याएवढी गोल ठेवा नाहीतर डाइमच्या नाण्याएवढी, आता निकेल 21 मिमी आणि डाइम 18 मिमीचं नाणं, आपल्याकडे कोणाच्या खिशात आहे? मी घरी बसून आपल्या नाण्यांवर हिशोब बसवला. बॉलच्या मधापासून त्याच्या अर्ध्या त्रिज्येपर्यंत तुम्ही मारू शकता, त्याच्यापुढे मिसक्यूच, म्हणजे स्नूकरमध्ये मधापासून 13 मिमी आणि पूलमध्ये 14. तिथं मारताना बॉल टिपेच्या मधावर लागत नाही, टिपेच्या उतारावर लागतो, आणि नेमका लागतो टिपेच्या गोलाईच्या अर्ध्या त्रिज्येवर. म्हणजे 22 मिमीचं आपलं 2011 च्या मालिकेतलं रुपयाचं नाणं घेतलं तर त्रिज्या 11, अर्धी साडेपाच. साडेनऊ मिमीच्या स्नूकर टिपेचा मधापासून काठ आहे पावणेपाचवर. साडेपाचला टिप आहेच कुठे? काठ लागतो बॉलला, काठावर चॉक नसतो, आणि खट्ट. पण तीच रुपयाची गोलाई 13 मिमीच्या पूल टिपेला बरोबर बसते, कारण तिथं काठ साडेसहावर आहे.

स्नूकरला मग कोणतं नाणं? 19 मिमीचं. आणि 19 मिमीचं नाणं म्हणजे ते गेंड्याचं चार आण्याचं, जे 2011 मध्ये बंद झालं. त्रिज्या साडेनऊ, अर्धी पावणेपाच, बरोबर काठापर्यंत. आजीच्या डब्यात, देवघराच्या कोनाड्यात, कुठंतरी एक सापडतेच, ते स्टिकच्या पिशवीत टाकून ठेवा आणि टिपेच्या गोलाईला त्याची कड लावून पहा, मधून उजेड दिसतो का. सोपा नियम एवढाच की नाण्याचा व्यास टिपेच्या व्यासाच्या दुप्पटीपेक्षा जास्त नको. मी हे त्या पोराला पोह्याच्या प्लेटीवर कांद्याच्या फोडीनं समजावलं, त्याला इंजिनिअरिंग असून दोनदा सांगावं लागलं. त्याची जुनी टिप चपटी होती, त्याला वाटत होतं चामडं संपलं, चामडं दोन मिमी शिल्लक होतं, फक्त गोलाई गेली होती. शेपर (टिप गोल करायचं हत्यार) दोन मिनिटं मारला असता तर अजून दोनतीन महिने चालली असती.

9 का साडेनऊ का 10, यावर फार डोकं लावू नका. टिप तुमच्या फेरूलपेक्षा थोडी मोठी घ्यायची, लावून मग बाजू कापायच्या. फेरूल साडेनऊची असेल तर 10 ची टिप आणा. बरोबर मापाची आणली आणि चिकटवताना केसभर सरकली तर एका बाजूनं पितळ उघडं पडते, मग रडत बसा.

लावण्याचं सांगतो कारण इथं खरा खेळ होतो. स्वस्त टिप नीट लावलेली, ही महाग टिप वाकडी लावलेल्यापेक्षा कधीही चांगली. एका ठिकाणी मी चांगली लेयर टिप नेऊन दिली होती लावायला, मार्करनं (पार्लरमधल्या माणसानं) पातळ इन्स्टंट ग्लू धबाधबा ओतला, तो चामड्यात वरपर्यंत शोषला गेला आणि मीडियम टिपेचा दगड झाला. तेव्हापासून स्वतः करतो. जुनी टिप ब्लेडनं काढायची, फेरूलचं तोंड सपाट साफ करायचं पण पितळ घासून गोल करायचं नाही, टिपेचा खालचा भाग सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून घासायचा, मग जेल प्रकारचा ग्लू, जो वाहत नाही, त्याचा एक थेंब, जास्त नाही. दाबून धरायचं मिनिटभर आणि मग लगेच खेळायला पळायचं नाही, रात्रभर राहू द्या. सकाळी स्टिक उलटी करून टिप लाकडी पाटावर टेकवायची आणि नवीन ब्लेडनं बाजू खाली कापायची, ब्लेड फेरूलला टेकलेलं पण पितळाला खरचटत नाही असं. मग बाजूला जीभ लावून ओली करायची आणि जाड कागदानं किंवा चामड्याच्या तुकड्यानं जोरात घासायची, ती चकचकीत कडक होते आणि छत्री होत नाही. जीभ नको असेल तर पाण्याचा हात लावा, मला काय.

काही सस्त्या स्टिकवर स्क्रूवाली टिप असते, फिरवून बसवायची, ग्लूची गरज नाही. दिसायला सोय, खेळायला खडखड. तिच्यावर पैसे घालू नका.

आणि नागपूरचं हवामान! यावर पुण्या-मुंबईच्या लोकांचे सल्ले आपल्याला चालत नाहीत. मे मध्ये 45 च्या वर पारा, हवा कोरडी ठणठणीत, चामडं आणि लाकूड दोन्ही आकसतात, ग्लू ठिसूळ होतो आणि टिप एखाद्या कडक शॉटला अख्खीच्या अख्खी उडून जाते, माझी एकदा उडाली ती अजून सापडली नाही. मग आपण काय करतो, कूलर लावतो. खोलीत कूलर आणि कूलरसमोरच्या कोपऱ्यात स्टिक उभी. मी पूर्ण एक उन्हाळा हे केलं. कूलरची ओली हवा रात्रभर टिपेवर, टिप फुगून पावासारखी, सकाळी पार्लरमध्ये एसीत गेलो की पुन्हा आकसली, असं रोज, आणि वरून भिंतीला टेकवल्यामुळे स्टिक पण किंचित वाकली. मी त्या उन्हाळ्यात तीन टिपा बदलल्या आणि तिन्ही वेळा ब्रँडला शिव्या दिल्या. स्टिक केसमध्ये, केस आडवी, कपाटात, कूलरपासून लांब, गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नाही. पावसाळ्यात मऊ सिंगल टिप जास्त मऊ वाटते, तेव्हा मी डबीतली सगळ्यात कडक निघालेली टिप लावतो आणि ऑक्टोबरनंतर मध्यम. लेयरवाल्याला हे लाड करावे लागत नाहीत, तो बारा महिने एकच टिप ठेवतो, हे त्याच्या बाजूचं मोठं वजन आहे हे मान्य करतो.

ब्रँडांबद्दल झटपट माझं मत. एल्क मास्टर मऊ, निळसर, निवडून घेतली तर स्नूकरला सोनं, न निवडता लावली तर लॉटरी. ब्लू डायमंड तिचीच मोठी बहीण, थोडी घट्ट, निवडीत कमी वाया जातात, ज्यांना पन्नासची डबी चाळायची नाही पण कामुईएवढे पैसे पण द्यायचे नाहीत त्यांनी हीच घ्यावी. ट्रँगल आणि ली प्रो जास्त कडक, पूलच्या स्टिकला चांगल्या, स्नूकरला मला हातोड्यासारख्या वाटतात. कामुई उत्तम, वाद नाही, पण सॉफ्टच्या खाली जाऊ नका, एकदम सुपर सॉफ्ट आपल्या मारामारीच्या हाताला टिकत नाही. टॅलिसमन कामुईच्या आधीची पायरी, लेयर टिप म्हणजे काय हे पहायचं असेल तर तिथून सुरवात. आणि कामुई अर्ध्या किमतीत कोणी देऊन राहिला असेल तर समजून जा, डुप्लिकेट भरपूर फिरतात.

चॉकवर कंजुषी करू नका एवढंच सांगतो. चॉक म्हणजे शाळेतला खडू नाही, 1897 मध्ये विल्यम स्पिंक्स नावाच्या बिलियर्ड खेळाडूनं विल्यम हॉस्किन्स या केमिस्टला सोबत घेऊन जे पेटंट केलं त्यात सिलिका आणि घासणारी पावडर होती, आणि आजही तसंच मिश्रण चालते. त्याच्याही आधी फ्रान्समधल्या फ्रांस्वा मिंगो या गड्यानं लाकडी स्टिकला चामडं लावून पाहिलं, तुरुंगात असताना सुचलं असं सांगतात. म्हणजे चामडं आणि चॉक ही जोडी शंभराहून जास्त वर्षांची आहे, एकाला पैसे लावून दुसऱ्याला पार्लरचा खड्डा पडलेला ठोकळा वापरू नका. फिनलंडचा ताओम चॉक महाग आहे, बॉलला कमी चिकटतो, टिप कोणतीही असो फरक जाणवतो. ज्याच्याकडे टिपेसाठी साठवलेले पैसे आहेत त्यानं आधी ब्लू डायमंड आणि एक चांगला चॉक घेऊन पहावा, मग कामुईकडे जावं.

आता कोणी काय घ्यावं. आठवड्यातून एकदा, रविवारी मित्रांसोबत, क्लबच्या स्टिकनं खेळत असाल तर हे सगळं वाचलं त्याबद्दल आभार, काही घेऊ नका, फक्त रॅकमधून टिप गोल असलेली स्टिक उचला. स्वतःची स्टिक आहे, स्नूकर जास्त, आठवड्याला दोनतीन दिवस आणि ब्लेड हातात धरायला भीती वाटत नाही, तर डबी, डोळे झाकून, कारण पहिल्या पाचसहा टिपा तुम्ही लावायला शिकण्यात वाया घालवणारच, त्या स्वस्त असलेल्या बऱ्या. ब्लेडला हात लावायचा नाही, नोकरी आहे, वेळ नाही, मार्करवर भरवसा आहे, तर लेयर टिप मीडियम, वर्षाला एकदा दोनदा लावून मोकळे व्हा. फक्त पूल खेळता आणि तुमची पूलचीच स्टिक आहे तर लेयर मीडियम किंवा सरळ ट्रँगल. आणि टुर्नामेंट खेळत असाल तर टिप कोणती हे मला विचारू नका, पण जी आहे ती टुर्नामेंटच्या आदल्या दिवशी बदलू नका, नवीन टिप बसायला निदान आठवडाभर लागतो आणि तोपर्यंत प्रत्येक शॉटचा आवाज वेगळा येतो, डोकं तिकडेच राहते. बदलायची वेळ कधी हे आवाजच सांगतो, चांगल्या टिपेचा आवाज "ठप" असा भरीव असतो, चामडं मिमी-दीड मिमीवर आलं की "टक" असा पितळाचा आवाज मिसळतो, तेव्हा काढा.

त्या पोराला मी शेवटी डबी घ्यायला सांगितलं. कामुई वाईट म्हणून नाही. तो फायनल इयरला आहे, रोज खेळून राहिला, हात अजून बसायचा आहे, आणि त्याच्याकडे पैसा कमी आणि वेळ जास्त आहे, माझं नेमकं उलटं. माझ्या स्वतःच्या स्टिकला सध्या लेयर आहे, हे त्यानं पाहिलं आणि विचारलं पण, "मग तुम्ही काहून नाही लावत एल्क मास्टर?" हाव, बरोबर पकडलं. पन्नास टिपा फरशीवर टाकून ऐकत बसायला आता मला रविवार मिळत नाही.

डबी मंगळवारपर्यंत येईल म्हणतो. शनिवारी बोलावलं आहे घरी, नवीन ब्लेड, पॉलिश पेपर आणि गेंड्याचं नाणं घेऊन. दोघं मिळून चाळू, त्यातल्या चांगल्या पाच मी ठेवणार, हे त्याला अजून सांगितलं नाही.